काट्यावरचं पुण्य

वजन हा शब्द मराठीत पूर्वापार मोठ्या मानाचा. ज्याच्या शब्दाला वजन, त्याचं चार माणसं ऐकतात. मंत्री वजनदार असला तरच त्याला बरं खातं मिळतं. मुलाच्या नोकरीसाठी कोणाला तरी आपलं वजन खर्ची घालावं लागतं आणि तेवढ्यानं भागलं नाही तर फाइलीवरही थोडं वजन ठेवावं लागतं, नाहीतर ती वाऱ्यानं उडते. उलट 'हलका' म्हटलं की सगळं बिघडलंच. हलक्या कानाचा, हलक्या मनाचा, हलक्या प्रतीचा. आणि याच कुळातला आणखी एक शब्द आहे, तो चारचौघांत लिहिण्यासारखा नाही.

देहाच्या बाबतीतही आपल्या भाषेचा कल तोच. जरा सुटलेला माणूस दिसला की 'खात्यापित्या घरचा' म्हणायचं आणि वाळलेला दिसला की 'पाप्याचं पितर'. म्हणजे पाहा, वंशज पापी निघाला, त्यानं पिंड घातला नाही, म्हणून वर पितर वाळून गेलं! बारीक असणं हा पापाचा पुरावाच धरलेला होता.

आता मात्र हा हिशेब नेमका उलटा झाला आहे. हल्ली पाप चरबीत असतं. लग्नाच्या पंगतीत दुसरा गुलाबजाम घेताना माणूस शेजाऱ्याकडे ओशाळून बघतो आणि म्हणतो, "आज जरा पाप करतोय." आठवडाभर पथ्य पाळून रविवारी मनसोक्त खाण्याला 'चीट डे' म्हणतात, म्हणजे सरळ लबाडीचा वार. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी होतीच. फरक एवढाच, की एकादशीच्या साबुदाणा खिचडीत देव तरी वाटेकरी होता. आता देवाच्या जागी बाथरूमच्या दाराशी ठेवलेला काटा आहे. सकाळी उठून, शक्यतो कमीत कमी वस्त्रांनिशी, त्याच्यावर उभं राहायचं आणि खाली मान घालून निकाल वाचायचा. चारशे ग्रॅम कमी, पुण्य. सहाशे ग्रॅम जास्त, पाप. इतका रोकडा न्याय चित्रगुप्तालाही जमला नसेल.

प्रश्न असा, की वजन ही खरोखर नीतीची गोष्ट आहे का? बारीक माणूस जाड्या माणसापेक्षा जास्त चांगला असतो का?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो साठीच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा कागद वाचला, मग मला वाचलं. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. आपल्या लोकांना बीएमआय २३ च्या पुढे जादा आणि २५ च्या पुढे लठ्ठ धरतात; माझा तिशीला टेकला होता. "दहा किलो उतरवा," डॉक्टर म्हणाले. "आहार सांभाळा, रोज चाला आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा. तिन्हींचा समतोल साधायचा." समतोल हा शब्द मी तोवर अर्थसंकल्पाच्या भाषणात ऐकला होता. तिथं तो जितका साधलेला दिसतो, तितका मलाही साधेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पण ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात वजन उतरवणाऱ्यांचे तीन पंथ आहेत आणि त्यांचा आपसात रोटीव्यवहार नाही. पहिला पंथ आहारवाल्यांचा. त्यातही दोन शाखा. काही वर्षांपूर्वी 'दीक्षित की दिवेकर' हा वाद साऱ्या महाराष्ट्रात रंगला होता, तो तुम्हाला आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं सांगणं असं, की दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा खा, पंचावन्न मिनिटांत उरका, मधे काही खाऊ नका आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे दीक्षित स्वतःच सांगतात. ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं असं, की थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा, तुपाला आणि भाताला घाबरू नका, आजीच्या स्वयंपाकघरात जे होतं ते खा. डोंबिवलीला माझ्या चुलतभावाच्या घरात या दोन्ही शाखा एका छपराखाली नांदतात. दादा दीक्षितांचा, वहिनी दिवेकरांची. संध्याकाळी पाच वाजता वहिनी मूठभर शेंगदाणे आणि गूळ घेऊन बसते आणि दादा घड्याळाकडे बघत तोंड मिटून बसतो. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, भांडण झालंय.

गंमत म्हणजे दोघांचंही वजन उतरलं. दोघंही त्याचं श्रेय आपापल्या गुरूला देतात. मला आपलं वाटतं, दोघंही आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात जाणाऱ्या घासाकडे बघायला लागली. एरवी आपण टीव्हीकडे बघून जेवतो आणि पोट स्वतःच्या जबाबदारीवर वाढतं.

दुसरा पंथ चालणाऱ्यांचा. याचं ठाण्यातलं मुख्य पीठ तलावपाळी. उपवन आणि येऊरकडे याचे जरा कडक साधक जातात, तर कल्याणात काळ्या तलावाला प्रदक्षिणा घालतात. या पंथाचं ब्रीद एकच, खा काहीही, पण चाला. मीही पहाटे मासुंदा तलावाला फेऱ्या घालू लागलो. एका बाजूला गडकरी रंगायतन, जवळच कोपिनेश्वर, पाण्यावर नुकतं फुटलेलं ऊन; चालणाऱ्याला धन्य वाटावं असाच देखावा. मनगटावरच्या घड्याळानं सांगितलं, पाऊण तास चालून तुम्ही दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च केल्या. आणि तलावपाळीहून घरी जाणाऱ्या वाटेवर जो वडापाव मिळतो, त्यात असतात तीनशेच्या आसपास. म्हणजे पाऊण तास तलावाला प्रदक्षिणा आणि मग चार मिनिटांत तिची व्याजासह परतफेड. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानानं ७,७०० कॅलरी. नुसतं चालून ती जाळायची तर माणसानं तलाव सोडून पंढरपूरच गाठायला हवं. चालण्यानं हृदय सुधारतं, साखर आवरते, झोप लागते, मन ताळ्यावर राहतं, हे सगळं खरं. पण वजन मुख्यतः ताटात उतरतं, पायवाटेवर नव्हे.

तिसरा पंथ लोखंडवाल्यांचा. त्याचा प्रचारक माझा पुतण्या, म्हणजे त्याच दादा-वहिनींचा मुलगा. "काका, चालून काय होतं? मसल पाहिजे, मसल!" असं तो दर भेटीत सांगतो. तो सकाळी सहा उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग खातो. वहिनींच्या घरात अंड्याचं पातेलं वेगळं आहे, ते बाल्कनीत असतं आणि त्याच्याकडे घरातलं कोणी बघत नाही. वजन कमी करायला वजन उचलायचं, हे मला सुरुवातीला कर्ज फेडायला कर्ज काढण्यासारखं वाटलं. त्यातलं मर्म ध्यानात आलं ते मात्र मावशीमुळे.

माझी मावशी डोंबिवली पूर्वेला फडके रोडजवळ एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. वय ७१. गुडघे दुखतात म्हणून तिला कोणीतरी वजन कमी करायला सांगितलं. मावशीनं ते व्रतासारखं घेतलं. रात्रीचं जेवण बंद, पोळी एकावर आणली, बाकी चहा आणि नामस्मरण. आठ महिन्यांत अकरा किलो उतरले. गणपतीत जो येईल तो म्हणायचा, "मावशी, काय छान बारीक झालात!" मावशी लाजायची. चाळीस वर्षं सगळ्यांना वाढत आलेल्या बाईचं अशा गोष्टीसाठी पहिल्यांदाच कौतुक होत होतं.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती शेजारणीकडे जमिनीवर बसली आणि तिला उठता येईना. दोघींनी हात देऊन उठवलं. त्यानंतर जिना उतरायची तिला भीती बसली. डोंबिवलीची पाडव्याची शोभायात्रा १९९९ साली सुरू झाली. तेव्हापासून मावशीनं ती फडके रोडच्या कडेला उभं राहून पाहिलेली. त्या वर्षी तिनं घरात बसून नुसते ढोल ऐकले. काट्यावर मात्र तिचं पुण्य वाढतच होतं.

शेवटी एक व्यायामोपचार करणारी मुलगी घरी येऊ लागली. तिनं मावशीला तपासून सांगितलं, "आजी, वजन उतरलं ते ठीक, पण त्याबरोबर पायही उतरले." नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं, की जे जातं ते सगळं चरबीचं नसतं. साधारण पाव हिस्सा इतर ऐवजाचा असतो आणि त्यात स्नायूही जातात. वयानं ते आधीच कमी होत असतात. त्यात उपासाची भर. देह हा हिशेबी कारकून आहे. जे खातं वापरात नाही, ते तो आधी बंद करतो. स्नायू वापरात आहेत, त्यांना लागणारं प्रथिन मिळतंय, असं दिसलं तरच तो त्यांना हात लावत नाही आणि चरबीकडे वळतो. वजन उतरवताना वजन का उचलायचं, त्याचं उत्तर एवढंच.

मावशीला व्यायाम काय दिला? खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली करायच्या. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. आणि खायचं काय? मुगाची उसळ, घट्ट वरण, ताक, पनीर. आपल्या देशाच्या तज्ज्ञांनी प्रौढ माणसाला दिवसाला, वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितलं आहे; म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, तेही वाटीत डाळ दिसत असेल तर. पाच महिन्यांनी मावशी तीन जिने उतरून फडके रोडवर गेली, भाजी घेतली आणि पिशवी स्वतः वर आणली. तिचं वजन तेव्हा दीड किलोनं वाढलं होतं. काट्याच्या न्यायानं ती पापात गेली होती!

काट्याचा हा आंधळेपणा मोठमोठ्यांच्याही वाट्याला आला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला जोडफोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एकाच आकड्याची दोन माणसं, पण आतला माल निराळा. आपल्याकडच्या सडपातळ माणसालाही मधुमेह का गाठतो, याचं कोडं त्या एका चित्रात दिसतं. मला तर त्यात नीतिशास्त्रही दिसतं. माणसाचं एकूण किती ते काटा सांगतो. त्यात काय आहे ते सांगत नाही. आणि आपण निवाडा करतो तो एकूणवरच.

एकूण काय, मीही लोखंडाला हात लावला. माझ्या इमारतीखालीच एक लहानशी व्यायामशाळा आहे. तिथं मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेला हिशेबही हाच आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं बेताचा दमवणारा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना काम. एके दिवशी मी तिथं दोन हातांत पाच-पाच किलो घेऊन, आरशात बघत, मोठ्या धीरोदात्तपणे उभा होतो. काचेबाहेरून गॅसवाला गेला, खांद्यावर भरलेलं सिलिंडर. आत गॅस १४.२ किलो आणि लोखंड धरून सगळं मिळून तीसेक किलो. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. तो माझ्याच घरी चौथ्या मजल्यावर निघाला होता.

तिथं मला समतोलाचा दुसराच अर्थ दिसला. या माणसाला चालणं फुकट, वजन उचलणं फुकट. पैसे देऊन घ्यावं लागतं ते फक्त अन्न. पाच घरची धुणीभांडी करून पाच इमारतींचे जिने चढणाऱ्या बाईंचंही तेच. आमचं नेमकं उलटं. अन्न पोटाबाहेर सांडेल इतकं आणि घाम गाळायला मात्र महिन्याची वर्गणी. डॉक्टरांनी सांगितलेला तीन गोष्टींचा समतोल ठाणे शहरात आहे. फक्त तो एका माणसात नसून दोन-तीन माणसांत वाटलेला आहे. मग माझ्या उतरलेल्या किलोंना पुण्य म्हणायचं कशाला? ते फार तर पूर्वी घेतलेली उचल परत करणं आहे.

समतोल म्हणजे तीन सारखे वाटे, असा पुष्कळांचा समज असतो. तो ॲरिस्टॉटलनं तेवीस शतकांपूर्वीच खोडून ठेवला आहे आणि तोही नेमका पैलवानाच्या खुराकाचा दाखला देऊन. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडं, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा माप देत नाही. मायलो पैलवानाला सहा कमी पडतील आणि तालमीत नव्यानं आलेल्याला डोईजड होतील. मध्यम म्हणजे मधला आकडा नव्हे. ज्याला त्याला, त्या त्या वेळी योग्य ते. हा मायलो तोच, ज्यानं एक वासरू रोज खांद्यावर घेतलं आणि वासराचा बैल झाला तरी तो उचलतच राहिला, अशी दंतकथा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग अति खाणाऱ्याचा नव्हे आणि मुळीच न खाणाऱ्याचाही नव्हे, असं सांगितलं आहे. किती ग्रॅम, ते भगवंतांनी अर्जुनावर सोपवलं. मावशीला जास्त खाणं हा समतोल होता, मला कमी खाणं. पुतण्याला थोडं चालणं आणि त्याच्या वडिलांना थोडं लोखंड. मात्र मधला आकडा सोपा असतो. स्वतःला काय योग्य ते शोधण्याची कटकट असते.

या कटकटीत एक प्रसंग हमखास येतो. होळीला मावशीनं पुरणपोळी केली. तुपानं माखलेली पोळी ताटात पडली आणि मावशी समोर उभी. आता नाही म्हणायचं की हो? पथ्य सांभाळावं तर त्या म्हातारीचं मन मोडतं. मन सांभाळावं तर साखर वाढते. मी विचार केला. माझं पथ्य हे माझ्या देहासाठी, आणि हा देह अखेर आहे कशासाठी? अशा माणसांच्या ताटाशी बसता यावं म्हणूनच ना? एक पोळी खाल्ली, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत चव घेत. दुसरी नाकारली. मावशी म्हणाली, "अरे, एवढ्यानं काय होतंय!" पण तिच्या आवाजात राग नव्हता. पहिली पोळी ज्यानं मनापासून खाल्ली, त्याचं दुसरीला नाही म्हणणं कोणी मनावर घेत नाही. खटकतो तो पोळीकडे विंचू बघितल्यासारखं बघणारा. आणि त्याहून खटकतो तो दुसऱ्याच्या ताटाकडे बघून कॅलरी मोजणारा. वजन उतरलेल्या माणसाची नजर एकदा का इतरांच्या पोटावर फिरायला लागली, की समजावं, चरबी अंगावरून निघून डोक्यात शिरली.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. वजन ही नीतीची गोष्ट नाही. जाडा माणूस पापी नव्हे आणि बारीक माणूस संत नव्हे. पण आपलं आपण उठता येणं, ही मात्र थोडीशी नीतीची गोष्ट आहे. नशिबानं ज्याचं अंग साथ देतं, त्यानं तरी ते राखावं. अखेर चौघांनी आपल्याला उचलायचंच आहे, त्यातून कोणाची सुटका नाही. तोवरचं ओझं शक्यतो आपलं आपण वाहावं. त्या चौघांनाही जरा हलकं गेलं तर दुवाच देतील.

माझे दहापैकी नऊ किलो उतरले आहेत. दहावा अडून बसला आहे, बसू दे. कोणी विचारलं की समतोल कसा साधला, तर मी त्याला संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये उभ्या असलेल्या जुन्या प्रवाशाकडे बघायला सांगतो. कडी हाताला लागलेली नसते, टेकायला जागा नसते, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन. तरी तो पडत नाही. गाडी हिसका देते तेव्हा गुडघा जरासा सैल सोडतो, दिव्याजवळ सांधा बदलतो तेव्हा भार या पायावरून त्या पायावर घेतो. तो ताठ उभा राहिला तर शेजाऱ्याच्या अंगावर जाईल. बघणाऱ्याला वाटतं तो नुसता उभा आहे. खरं म्हणजे तो ठाण्यापासून कल्याणपर्यंत अखंड सावरत असतो. आणि उतरायची वेळ येते तेव्हा त्याला कोणी धरून उतरवावं लागत नाही.